सर्व्हायव्हर म्हणू नका

आमच्या कारखान्यात तिला सगळे तुफान म्हणायचे. कामाचा झपाटाच तसा होता. तिचा नवरा घरांना रंग द्यायचं काम करतो, शांत माणूस. तो कधी डबा द्यायला आला तर गेटवरचा वॉचमन आत फोन लावून सांगायचा, "तुफानचे मिस्टर आलेत." बिचारा मान खाली घालून हसायचा.

आम्ही कपाटांच्या आणि दारांच्या बिजागऱ्या बनवतो. पत्र्याची लांब पट्टी प्रेस मशीनमध्ये सरकवायची, पायाखालचं पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि कापलेला तुकडा घरंगळत खोक्यात पडतो. पुन्हा पट्टी, पुन्हा पाय, पुन्हा धाड. मी तेव्हा पॅकिंगला होते. आमचं टेबल तिच्या प्रेसच्या अगदी समोर. ती कामाला बसली की आमच्याकडे माल असा यायचा की डोकं खाजवायला फुरसत नाही. "अगं बाई, जरा दम घे, आमचे हात काय भाड्याने आणलेत का?" मी ओरडायचे. त्या आवाजात तिला शब्द कळायचे नाहीत, पण माझं तोंड बघून ती हसायची आणि आणखी जोरात सुटायची. तोंडाने फटकळ होती. कुणी तिला उगाच बोललं तर त्याची धडगत नसायची. पण पाठीमागे बोलणाऱ्यांतली नव्हती. जे असेल ते समोर, आणि संपलं.

त्या प्रेसला दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये सेन्सरचा डोळ्यांना न दिसणारा पडदा. हात आत गेला रे गेला की साचा जागच्या जागी थांबायचा. साचा बदलायचा असेल तेव्हाच सेन्सर बंद करायचा, आणि त्यासाठी मशीनच्या बाजूला एक चावी. ती चावी सुपरवायझरच्या कमरेच्या जुडग्यात असायची. तेलाचा शिंतोडा उडाला किंवा पट्टी जरा तिरकी गेली तरी सेन्सर मशीन थांबवायचा आणि माल खोळंबायचा. मग मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमधून बाहेर यायचे आणि काही न बोलता नुसतं घड्याळाकडे बघायचे. सुपरवायझरला तेवढं पुरायचं. तो चावी फिरवायचा. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. हळूहळू चावी मशीनलाच, फिरवलेली, राहायला लागली.

त्या दिवशी कापलेला एक तुकडा साच्याखाली अडकला. तुफानने पाय पेडलवरून काढला आणि तो उचलायला हात आत घातला. रोज घालायची तसाच. पेडल खालीच चिकटून राहिलं होतं. साचा आपणहून दुसऱ्यांदा खाली आला.

मी पळत गेले. ती खुर्चीवरून उठून उभी होती. किंचाळली नाही. उजव्या हाताला डाव्या हाताने धरून बघत होती, जणू कुणी तरी तिच्या हातात न मागितलेली वस्तू दिली आहे. अंगठा होता. बाकी बोटं नव्हती. मी माझी ओढणी गुंडाळली. सुपरवायझर धावत आला आणि त्याने सगळ्यात आधी काय केलं? मशीनच्या बाजूला वाकून चावी पुन्हा सरळ केली. मग "गाडी बोलवा, गाडी" म्हणून ओरडायला लागला.

मी हाताकडे बघत होते, मला ते दिसलं नाही. तिला दिसलं. अशा अवस्थेतही तिला ते दिसलं, आणि पुढे तिच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही.

ती दवाखान्यात असतानाच चौकशी झाली. मशीन तपासलं तेव्हा सेन्सर चालू होता. मग अहवाल काय येणार? ऑपरेटरने घाईघाईत बाजूने हात घातला. आणि खाली आणखी एक वाक्य: सहकारी या महिलेला 'तुफान' या नावाने ओळखतात, यावरून तिला घाईची सवय असल्याचं दिसतं.

आमच्या लाडाच्या नावाचा त्यांनी असा उपयोग केला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परत कामावर आली तेव्हा आम्ही सगळ्या तिचं नावच घेत नव्हतो. "अगं", "तू", "ऐक ना" असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला धरलं.

"तुफान म्हण."

"नको गं. त्यांनी ते..."

"त्यांनी लिहिलं म्हणून मी माझं नाव टाकू? म्हण. मोठ्यांदा म्हण, त्या काचेपलीकडे ऐकू जाऊ दे."

मी म्हटलं. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग झालं.

कंपनीने तिला स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. आत फळ्यांवर हातमोजे, कानातले बोळे, चष्मे, हेल्मेटं. मागेल त्याला द्यायचं आणि सही घ्यायची. चार बोटं गेलेल्या बाईला हातमोजे वाटायला बसवावं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पण ती बसली. डाव्या हाताने लिहायला शिकली. अक्षर कोंबड्याच्या पायासारखं यायचं तेव्हा स्वतःवरच चिडायची आणि पेन आपटायची. चावीचं ती ज्याला त्याला सांगायची. लोक ऐकायचे, च्-च् करायचे आणि निघून जायचे. सुपरवायझर तिच्या खिडकीसमोरून जाणं टाळायचा. हातमोजे हवे असले की दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा.

मग एक नवीन मॅडम आल्या. कामगारांचं बघायला, असं म्हणाले. तरुण, हसतमुख, सगळ्यांना नावानिशी हाक मारणाऱ्या. वाईट नव्हत्या त्या, हे मी आधीच सांगून ठेवते. सुरक्षा सप्ताह करायचं ठरलं. आमचा माल ज्या मोठ्या कंपनीकडे जातो तिथले पाहुणे येणार होते. मॅडमनी तुफानचा फोटो काढून नेला. चार दिवसांनी गेटवर माणसाएवढं पोस्टर लागलं. त्यावर तुफान. फोटो कमरेपासून वरचा, उजवा हात नेमका कापलेला, म्हणजे फोटोतून. आणि खाली मोठ्या अक्षरांत: आमची सर्व्हायव्हर. आमचा अभिमान.

ती पोस्टरसमोर उभी राहिली. मागून येणारे तिला वळसा घालून आत जात होते. मग ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले, काही वेडंवाकडं बोलली तर आवरायला.

"मॅडम, याचा अर्थ काय?"

"सर्व्हायव्हर म्हणजे... संकटातून तरलेली. ताकदवान बाई." मॅडम अगदी मनापासून म्हणाल्या. "पूर्वी काय म्हणायचे, व्हिक्टिम. तो शब्द आम्ही आता वापरतच नाही. त्यात फार कमीपणा आहे हो. व्हिक्टिम म्हटलं की कुणीतरी दुबळं, रडणारं डोळ्यांसमोर येतं. तुम्ही तशा आहात का?"

"नाही."

"बघा! म्हणून हा शब्द. तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोलायचे आहेत. मी लिहून देते."

तुफानला काहीतरी खुपत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं. आणि तिला राग आला पण कारण सापडलं नाही की तिचा पारा दुप्पट चढायचा. दिवसभर खिडकीवर ती फाडफाड हातमोजे फेकत होती.

घरी तिची नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, लग्न केलेलं नाही, शाळेत इंग्रजी शिकवते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहते. जेवण सगळ्यांचं एकत्र. काही वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर झाला होता आणि त्यातून त्या उठल्या. तुफाननेच त्यांचं सगळं केलं होतं, उलट्या काढण्यापासून. दोघींचं पटायचंही आणि भांडणंही व्हायची. पुढचं सगळं मला तुफाननेच सांगितलं, आणि नणंदेने नंतर त्यात दुरुस्त्या केल्या.

"ताई, सर्व्हायव्हर आणि व्हिक्टिम यात फरक काय?" तिने भाजी निवडता निवडता विचारलं.

ताई खूश. घरात त्यांना इंग्रजीचं कुणी कधी विचारत नाही. "चांगला प्रश्न आहे. व्हिक्टिम म्हणजे जिच्यावर काहीतरी कोसळलं आणि ती त्याखालीच राहिली. सर्व्हायव्हर म्हणजे ती त्यातून बाहेर आली. मी आहे ना. आमच्या गटात आम्ही सगळ्या स्वतःला तसंच म्हणतो. आजारी असताना लोक माझ्याकडे 'अरेरे' करून बघायचे ना, मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. या शब्दाने माझी मान वर झाली. तुलाही म्हणतायत? छान की."

"छान काय त्यात?"

"अगं, म्हणजे तू हरली नाहीस."

"मी कुठे लढाईला गेले होते? मी कामाला गेले होते."

"तू ना, प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस. चांगलं म्हणतायत ते घे की."

तेव्हा तुफानने हातातली जुडी खाली ठेवली. "ताई, तुमचा आजार कुणी केला? कुणी नाही. तुमच्या गाठीला सुपरवायझर नव्हता. कुणी चावी फिरवली नव्हती. तुम्ही खुशाल म्हणा सर्व्हायव्हर. मला तसं म्हटलं तर तो सुटला. मी वाचले, मी शूर, टाळ्या वाजवा, आणि घरी जा!"

"माझ्या आजाराचा हिशोब तू करू नकोस."

"मी तुमच्या उलट्या काढल्यात, मी करीन!"

बोलायला नको होतं, पण ते बोलून गेली. ताई ताटावरून उठल्या नाहीत, कारण ताट वाढलंच नव्हतं. नुसत्या उठल्या आणि वर गेल्या. दाराचा आवाज खालपर्यंत आला. नवरा म्हणाला, "कशाला गं?" त्याच्यावरही तिने तोंडसुख घेतलं. "तुम्ही गप्प बसा, तुम्ही भिंतींशी बोला!" आणि मग एकटीच स्वयंपाकघरात रडली, रागाने.

पुढे काही दिवस ताई वरच जेवल्या.

इकडे कारखान्यात मला पॅकिंगवरून उचलून प्रेसवर टाकलं. तिच्याच प्रेसवर. अपघातानंतर तिथे कुणी टिकत नव्हतं. मला नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं, आणि मग घरी बसले असते. माझा नवरा आजारी आहे, घर माझ्यावर चालतं. पहिले काही दिवस सेन्सर चालू होता. मग मोठी ऑर्डर आली, साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, आणि सुपरवायझर माझ्या बाजूला वाकला. मी त्याच्या हाताकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "जपून कर म्हणजे झालं," असं म्हणाला आणि गेला.

मी खिडकीवर हातमोजे घ्यायला गेले तेव्हा तिला सांगितलं. ती अशी उसळली की खिडकीच्या काचेला धक्का बसला.

"आणि तू बसलीस?"

"बसले. काय करू?"

"उठायचं! ओरडायचं! माझा हात तुझ्याच ओढणीत बांधला होतास ना?"

"ओरडून काय झालं? तू वर्षभर ओरडतेयस. कुणी ऐकलं?"

हे ऐकून ती एकदम गप्प झाली. तिच्या गप्प होण्याची मला जास्त भीती वाटते. तिने मला हातमोजे दिले, पण माझ्या हातावर ठेवून हात तसाच दाबून धरला, बोटं नसलेला हात. "आत हात घालू नकोस. काही अडकलं तर मशीन बंद कर, मेन स्विचवरून. ओरडू देत त्याला."

त्या संध्याकाळी ती वरच्या खोलीत गेली. माफी मागायला गेली होती, पण तिला ते नीट जमत नाही. दारातच म्हणाली, "ताई, मी चुकले. पण माझं म्हणणं चुकलं नव्हतं."

ताई वह्या तपासत होत्या. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "बस. मलाही बोलायचंय. मी तुला त्या दिवशी शिकवायच्या नादात अर्धंच सांगितलं. सर्व्हायव्हर म्हणजे मागे उरलेली. बाकीचे गेले आणि ती उरली. उपचाराच्या खोलीत माझ्या बाजूला ज्या बायका बसायच्या, त्यातल्या फार थोड्या आहेत आज. मी तो शब्द म्हणते तेव्हा मला त्या दिसतात. माझ्यासाठी ती मिरवायची गोष्ट नाही. म्हणून मला तुझं बोलणं लागलं."

"मला हे माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं. आणि व्हिक्टिम. त्याचा अगदी जुना अर्थ, बळी दिलेलं जनावर. आपला 'बळी' आहे ना, तोच."

"जनावर?" तुफान म्हणाली. "मग ते स्वतः जाऊन मान ठेवतं का?"

"नाही. कुणीतरी देतं."

"हेच! हेच मला बोलता येत नव्हतं. बळी म्हटलं की कुणी दिला, कशासाठी दिला, हे विचारावंच लागतं. आमच्या त्या मॅडम म्हणतात त्यात कमीपणा आहे. असेल. पण तो माझा कसा? ज्याने दिला त्याचा नाही का?"

ताईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "माझा शब्द मी सोडणार नाही हं."

"सोडू नका. मला तो चिकटवू नका, एवढंच."

आणि दोघी खाली जेवायला आल्या. नवऱ्याने कारण न विचारता पानं घेतली.

कार्यक्रम तयार मालाच्या शेडमध्ये होता. खोकी भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर मॅनेजरसाहेब आणि पाहुणे. पाहुण्यांमध्ये एक पिकलेल्या केसांच्या बाई होत्या, त्यांच्या कंपनीत सुरक्षेचं काम बघणाऱ्या. त्या फारसं हसत नव्हत्या. दुसऱ्या रांगेत सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे आम्ही सगळ्या. भाषणं झाली. मग मॅडमनी माईकवर सांगितलं, "आता आपल्या सर्व्हायव्हर दोन शब्द बोलतील," आणि टाळ्या सुरू झाल्या.

तुफान वर गेली. लिहून दिलेला कागद डाव्या हातात होता. तिने पहिली ओळ वाचली, "मी या कंपनीची आभारी आहे." मग थांबली. कागद टेबलावर ठेवला.

"मला सर्व्हायव्हर म्हणू नका," ती म्हणाली. "तो शब्द चांगला आहे. माझ्या नणंदेचा आहे. ती आजारातून उठली, तिच्या आजाराला कुणी जबाबदार नव्हतं. माझं तसं नाही. मी व्हिक्टिम आहे. मी रडत नाही, मी दुबळी नाही, तरी मी व्हिक्टिम आहे. कारण माझा हात गेला नाही, घेतला गेला. त्या मशीनचा सेन्सर बंद होता. त्याची चावी असते. चावी कुणाकडे असते? सांगा ना. इथे सगळ्यांना माहीत आहे."

मॅडमचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी कुणाला तरी खूण केली आणि माईक बंद झाला.

आता प्रेसच्या ओळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईचा माईक बंद करून काय होणार? तिने आवाज चढवला. "घाईची सवय मला होती म्हणता? घाई कुणाला होती? घड्याळाकडे कोण बघत होतं? माझी बोटं साच्यात असताना हा माणूस आधी चावीकडे धावला. माझ्याकडे नंतर."

सुपरवायझर उठला. "खोटं आहे हे. सेन्सर चालू होता, अहवालात आहे."

आणि मग मी उभी राहिले. मला कुणी उठवलं नव्हतं. "आजही बंद आहे," मी म्हणाले. "मी बसते त्या मशीनवर. आज सकाळी मी बंद सेन्सरवर काम केलंय."

पिकलेल्या केसांच्या बाई खुर्चीवरून उठल्या. साहेब त्यांना म्हणाले, "मॅडम, आपण आधी चहा घेऊ, मग मी स्वतः तुम्हाला..." त्या म्हणाल्या, "मशीन कुठे आहे?"

तेवढ्यात सुपरवायझर बाजूच्या दाराकडे निघाला. पळत नव्हता, पण भराभर. कुठे चाललाय ते सांगायला नको होतं. शेडमधून प्रेसकडे जायला खोक्यांच्या मधून एकच वाट आहे. आमच्या पॅकिंगच्या बायका तिथे उभ्या होत्या. त्यांनी काही केलं नाही. हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसत्या हलल्या नाहीत.

"सरका," तो म्हणाला.

"कुठे जायचंय साहेब? चहा तर इकडे आहे," आमच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली.

"सरका म्हणतो ना!"

कुणी सरकलं नाही. त्याने एकीच्या खांद्याजवळून घुसायचा प्रयत्न केला, तर दुसरी तिथे आली. तोपर्यंत पाहुण्या बाई मागून पोचल्या होत्या. त्यांना मात्र वाट मिळाली, लगेच. तुफान त्यांच्या पुढे चालत होती. मशीनजवळ जाऊन ती बाजूला झाली आणि तिने बोटं नसलेला हात चावीकडे केला. चावी फिरवलेली होती. बाईंनी फोटो काढला. मग त्यांनी टेबलावरचा लाकडी दांडा उचलून दोन खांबांमध्ये धरला आणि मला म्हणाल्या, "पेडल दाबा." मी दाबलं. साचा धाडकन खाली आला आणि दांड्याचे दोन तुकडे झाले.

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटतं तोवर त्यांनी ते मशीन चालताना पाहिलंच नव्हतं.

पुढे काय झालं ते सरळ सांगते, कारण लोकांना वाटतं की यानंतर सगळं गोड झालं. झालं नाही. चौकशी पुन्हा उघडली, खूप रखडली, तुफानला कामगार कार्यालयात हेलपाटे घालावे लागले. शेवटी अहवालातून तिची घाई काढून टाकली गेली आणि सुरक्षा यंत्रणा बंद ठेवल्याचं लिहिलं गेलं. तिच्या नावाबद्दलचं वाक्यही काढायला लावलं तिने, खोडून नाही, पान बदलून. सगळ्या प्रेसच्या चाव्या काढल्या. आता सेन्सर बंद असेल तर मशीन सुरूच होत नाही. सुपरवायझरला कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथे तो सुपरवायझरच आहे. मॅनेजरसाहेबांना काहीही झालं नाही. त्यांनी म्हणे कधी तोंडी सांगितलंच नव्हतं. घड्याळाकडे बघणं हा काही गुन्हा नाही.

हे कळलं त्या दिवशी तुफानच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक बोट परत नाही, आणि तो तिकडे चावी फिरवतोय," ती म्हणाली. मी काय बोलणार? मॅडम तिच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं." तिने ऐकून घेतलं. "पुढच्या वेळी आधी मशीन बघा, मग पोस्टर लावा," असं म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणजे तिच्या मानाने माफ केलं असं समजायचं. मॅडम पुढे प्रेसच्या ओळीत रोज चक्कर मारायला लागल्या. साहेबांना ते आवडत नाही.

तुफानला कंपनीने सुचवलं, पुष्कळ वेळा आणि गोड शब्दांत, की तुम्ही आता घरी आराम करा. तिने नाही म्हटलं. ताईंनीही सांगून बघितलं, "अगं, किती दिवस हा राग उराशी धरून बसणार? तब्येतीला बरा नाही." ती म्हणाली, "तो माझ्या तब्येतीचाच भाग झालाय आता." नवरा हल्ली संध्याकाळी तिला न्यायला येतो. वॉचमन अजून तसाच फोन लावतो.

मागच्या महिन्यात पाहुणे येणार होते म्हणून मॅनेजरसाहेब स्वतः हेल्मेट घ्यायला खिडकीवर आले. सकाळची वेळ, समोर झाडूवाले, हमाल, आमच्यासारख्या, सगळे उभे होते. साहेबांनी सगळ्यांना ओलांडून खिडकीत हात घातला.

"जरा हेल्मेट द्या पटकन."

तिने वर बघितलं नाही. समोरच्या झाडूवाल्या बाईला हातमोजे दिले, वही पुढे सरकवली, बाई सावकाश अंगठा उमटवेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "साहेब, रांगेत या."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते मागे गेले, सगळ्यात मागे, आणि उभे राहिले. माझ्या मागेच होते. मला हसू आवरत नव्हतं, पण मी तुफानकडे बघितलं तर ती हसत नव्हती. पुढच्या माणसाला मोठ्यांदा विचारत होती, "तुला काय हवंय? लवकर बोल."